कुंकू न लागलेली वही

कायद्याने कागदाला आयुष्य ठरवून दिलेलं आहे. माणसाला तसं दिलेलं नसल्यामुळे त्याची फार गैरसोय होते. कंपनीच्या खातेवह्या आणि व्हाउचरं यांनी आठ वर्षं जगायचं. त्याआधी त्यांना कोणी मारलं तर तो गुन्हा, नंतर मारलं तर ती साफसफाई. जयवंत पारुळेकरांना हे सगळं तोंडपाठ होतं. शांतिभाई पॅकिंग वर्क्सच्या गिरगावातल्या ऑफिसात त्यांनी सारी नोकरी रेकॉर्ड सांभाळण्यात काढली, आणि त्यांच्या हातून कधी एक चिठोरं गहाळ झालं नाही. निवृत्त झाल्यावर ते घरची विजेची बिलं दाभणाने ओवून ठेवू लागले. बायको होती तोवर वाण्याच्या याद्याही ओवत. ती गेल्यावर याद्या यायच्या बंद झाल्या.

अशा माणसाकडे एका दुपारी रघु आंगचेकर आला.

रघु कंपनीच्या शिवडीच्या कारखान्यात कार्डिंग खात्यात, म्हणजे तंतू पिंजायच्या खात्यात होता. कारखान्यात गिरण्यांच्या आणि बोटींच्या बॉयलरला लागणारी जाड दोरी बनत असे. ही दोरी जळत नाही, कारण ती अ‍ॅस्बेस्टॉसची असते. कामगार त्या तंतूंना कापूस म्हणत. एखाद्या गोष्टीला घरगुती नाव दिलं की तिची भीती वाटत नाही, आणि मालकालाही ते सोयीचं पडतं. कारखाना बंद होऊन आता बरीच वर्षं झाली होती. तिथे आता उंच इमारत आहे आणि तिच्या जाहिरातीत मोकळ्या हवेचा खास उल्लेख आहे.

रघुला खाली जिन्यापाशी जयवंतरावांनी गॅलरीतून पाहिलं होतं. तो वर पोचेपर्यंत त्यांनी चहा ठेवला, उकळला, गाळला आणि बशीने झाकून ठेवला. मग दार उघडून उभे राहिले. जिन्यात खोकला थांबे, पावलं वाजत, पावलं थांबत, खोकला सुरू होई. शेवटी रघु वर आला आणि खुर्चीत बसून बराच वेळ नुसता त्यांच्याकडे बघत राहिला. बोलायला लागणारी हवा गोळा करत होता.

मग म्हणाला, "जयवंतराव, माझी वही काढा."

कुठली वही ते त्याने तुकड्यातुकड्याने सांगितलं. कारखान्यात दर वर्षी डॉक्टर येत. कामगारांना ओळीने उभं करून छाती तपासत, फुंकायला लावत, एक्स-रे काढायला पाठवत, आणि ते सगळं एका हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहिलं जाई. आता परळच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी रघुच्या छातीचा फोटो उजेडापुढे धरला होता आणि पहिला प्रश्न विचारला होता, कुठे कामाला होतात. रघुने सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले होते की हे त्या धुळीचंच दिसतंय, पण माझ्या दिसण्याला अर्थ नाही, कागद लागतो. त्या धुळीत काम करणाऱ्याची तब्येतीची वही कारखान्याला जपावीच लागते. कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यापासून पंधरा, यात जे उशिरा संपेल तोवर. तुमचं अजून संपलेलं नाही. जा, नक्कल आणा, मी लिहून देतो.

"भरपाई मिळेल म्हणाले का?" जयवंतरावांनी विचारलं.

"भरपाई ऱ्हवांदे," रघु म्हणाला. "माका ता राधेक दाखवूचा आसा."

राधाबाई म्हणजे रघुची बायको. तिच्या मते रघुला हा रोग बिडीने झाला होता. तिचा बाप असाच खोकून खोकून गेला होता आणि तो बिडी ओढायचा, त्यामुळे या विषयात तिचा अभ्यास झालेला होता. रघुने जन्मात बिडी ओढली नव्हती. पण जेवणाच्या सुट्टीत तो ओढणाऱ्यांच्या घोळक्यात उभा राही आणि घरी येताना तो वास घेऊन येई. मग राधाबाईने देवापुढे शपथा घालून पाहिल्या, लालबागच्या अख्ख्या चाळीसमोर त्याची अब्रू काढून पाहिली, खिशांच्या शिवणी उसवून पाहिल्या. तिच्या चुलत्याने साठीला बिडी सोडली आणि मग तो वीस वर्षं ठणठणीत जगला, ही गोष्ट ती रघुला रोज सांगे. सोडा, अजून सोडा, बरे व्हाल. इस्पितळाच्या कागदावर डॉक्टरांनी नियमाप्रमाणे 'स्मोकिंग : डिनाइज' असं लिहिलं. शेजारच्या पोराने त्याचा अर्थ सांगितला, की काका नाही म्हणतायत. त्यावर राधाबाई म्हणाली होती, चोरपण डिनायच करता.

जाताना रघुने विचारलं, कधी येऊ. जयवंतराव म्हणाले, बघतो. ऑफिसात त्यांनी हा शब्द कधीच वापरला नव्हता, कारण कुठली वस्तू कुठे आहे हे त्यांना नेहमी ठाऊक असे. ही वही कुठे आहे हेही ठाऊक होतं. ती कुठेच नव्हती.

त्याचं असं झालं होतं. कारखाना बंद झाला तेव्हा तिथलं रेकॉर्ड गिरगावला आलं होतं. कारखान्यापाठोपाठ गिरगावचं ऑफिसही विकायचं ठरलं तेव्हा थोरल्या शेठचा नातू हितेंद्र याने जयवंतरावांना सांगितलं, रेकॉर्ड निकालात काढा. कंपनीच्या सीएने एक तक्ता दिला. काय किती वर्षं ठेवायचं, काय फाडायचं. तक्ता अगदी निर्दोष होता. त्यात आयकर होता, विक्रीकर होता, कंपनी कायदा होता. फुप्फुसं नव्हती, कारण ती सीएच्या कक्षेत येत नाहीत.

तक्त्याप्रमाणे साठ-सत्तर वर्षांच्या लाल वह्या भुगा व्हायला हव्या होत्या. इथे जयवंतरावांचा हात अडला. त्यातली एकूण एक वही दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पाटावर बसली होती. पहिल्या पानावर श्री, त्यावर कुंकवाचं बोट, हळद, अक्षता, मधोमध विड्याच्या पानाचा हिरवट डाग. अशी वही भुग्याच्या गाडीत कशी टाकायची? त्यांनी हितेंद्रला विचारलं, हितेंद्रने आईला विचारलं, आणि आई म्हणाली की पूजेची वही एक तर समुद्रात जाते नाहीतर घरात राहते. समुद्रात सोडायच्या तर चौपाटीवर ट्रक लागला असता आणि मागोमाग पोलीसही लागले असते. म्हणून वडाळ्याला एक गाळा भाड्याने घेतला. गाळा लहान निघाला. तेव्हा जयवंतरावांनी सोपा नियम केला : कुंकू आहे ते राहील, कुंकू नाही ते जाईल.

भुग्याची गाडी ऑफिसाखाली आली. तिला मागे एक लहान पडदा होता आणि आपले कागद कापले जाताना गिऱ्हाइकाला त्यावर बघता येत. जयवंतरावांनी उभं राहून सगळं बघितलं, कारण नंतर कोणी विचारलं तर सांगता यायला हवं होतं. हिरवे पुठ्ठे जाताना त्यांना आठवत होते. हिरवा रंग भुग्यात फार उठून दिसतो. शेवटी गाडीवाल्याने प्रमाणपत्र दिलं. त्यावर नष्ट केलेल्या कागदाचं एकूण वजन होतं, आणि खाली लिहिलं होतं की यामुळे झाडं वाचली.

तरी ते हितेंद्रला घेऊन वडाळ्याला गेले. माणूस किल्ली हरवली की ती जिथे नाही हे माहीत असतं तिथेही एकदा हात घालतो. हितेंद्र आता व्यायामशाळांना रबरी चटया पुरवत होता आणि स्वभावाने सभ्य होता. त्याने जयवंतरावांसाठी घडीची खुर्ची आणि सँडविच आणलं होतं. गाळ्यात वह्या छपरापर्यंत रचलेल्या होत्या. त्यांना वाळवी लागली नव्हती. कोपऱ्याकोपऱ्यात कापूर ठेवलेला होता. त्यात थोरल्या शेठच्या काळापासूनच्या किरकोळ खर्चाच्या सगळ्या वह्या सापडल्या. कार्डिंग खात्याला दर महिन्याला गूळ दिला जाई, कारण गुळाने छातीतली धूळ खाली उतरते असं थोरल्या शेठचं वैद्यकीय मत होतं. गुळाचा भाव वर्षावर्षाने कसा चढत गेला ते तिथे अचूक मिळालं. गूळ खाणाऱ्यांच्या छातीचं काय झालं ते नव्हतं.

जयवंतरावांनी बऱ्याच पेट्या उघडल्यावर हितेंद्रने विषय काढला. तो म्हणाला, पारुळेकरभाऊ, तुम्ही रघुला सांगा की वही सापडत नाही. जुनी गोष्ट आहे. कशाला कागदावर आणायचं?

जयवंतराव म्हणाले की सापडत नाही हे खोटं होईल. मी फाडलीय.

"मग वही नव्हतीच असं सांगा," हितेंद्र म्हणाला. "नसलेली वही फाडल्याचा गुन्हा होतो का?"

जयवंतरावांनी प्रश्नाचा नीट विचार केला. मग म्हणाले, "नाही. नसलेली वही न ठेवल्याचा होतो. मालक म्हणून तुम्हाला कुठला हवा तो घ्या."

हितेंद्रने सँडविचचा कागद घडी करून खिशात ठेवला.  परत येताना जयवंतरावांना त्याने घराच्या अलीकडे, सिग्नललाच उतरवलं.

दुसऱ्या दिवशी ते दादरला व्हायोलेट मिस्किटाकडे गेले. व्हायोलेट शिवडीच्या कारखान्यात टाइमकीपर होती. डॉक्टर तपासत आणि ती वहीत लिही. आता पोर्तुगीज चर्चच्या मागे ती एकटी राहत होती, गुडघे गेले होते, स्मरणशक्ती मात्र नको इतकी शाबूत होती. जयवंतरावांनी सगळं सांगितलं. वही फाडली इथे आले तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती, ती तशीच बघत राहिली.

तिने विचारलं, "लाल वह्या ठेवल्यास, हिरव्या फाडल्यास. का रे?"

"लालवर कुंकू होतं."

मग व्हायोलेटने त्यांना एक गोष्ट सांगितली, जी ते विसरले होते. एका दिवाळीत कारखान्याच्या वह्या पूजेला गिरगावला आणल्या, तेव्हा तिने हिरवी वहीही आणली होती. सगळ्या आणायच्या असं तिला वाटलं. पाटावर ठेवायला गेली तर थोरले शेठ म्हणाले, व्हायोलेटबाय, आजारपणाची वही लक्ष्मीपुढे नको, अपशकुन होतो. मग सबंध पूजा होईपर्यंत ती वही मांडीवर घेऊन दाराशी बसून राहिली. पेढा आला तो तिने एका हातानेच घेतला, कारण दुसऱ्या हाताखाली कामगारांच्या छात्या होत्या.

"मी लावलं असतं रे त्या वहीला कुंकू," ती म्हणाली. "मला काय. फादरला मी बघून घेतलं असतं."

 जयवंतरावांनी पिशवीतून कोरे कागद काढले. घरी बसून निवेदन लिहायचं धैर्य झालं नव्हतं, इथे झालं. त्यांचं अक्षर आजही छापल्यासारखं होतं. मी जयवंत आत्माराम पारुळेकर लिहून देतो की शिवडी कारखान्यात कामगारांच्या तपासणीची हिरव्या पुठ्ठ्याची वही होती. तीत कार्डिंग खात्याचे रघुनाथ आंगचेकर यांच्या नावे दर वर्षी नोंद होत असे. सदर वही जपण्याची मुदत संपलेली नसताना मी ती माझ्या हाताने नष्ट करविली. त्यात कोणाचा हेतू नव्हता. शेवटच्या वाक्यावर व्हायोलेटने बोट ठेवलं. म्हणाली, हेतू नव्हता हे खरंय, पण ते लिहिल्याने कोणाला बरं वाटेल? जयवंतरावांनी ते वाक्य खोडलं आणि खोडल्याबद्दल बाजूला सही केली. नोंदी मी भरत असे, असं लिहून तिनेही सही केली.

कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी ऑफिसात खिडकीवरच्या माणसाने कागद दोनदा वाचला आणि अदबीने विचारलं, काका, ही तक्रार आहे की अर्ज? जयवंतराव म्हणाले, कबुली. कबुलीसाठी वेगळा रकाना नव्हता. त्याने ती 'इतर'मध्ये घेतली आणि पोचेचा शिक्का मारून दिला. चौकशी होईल, बोलावणं येईल, कदाचित तुमच्यावरही ठपका येईल, असं त्याने सांगितलं आणि बसायला खुर्ची दिली. परत येताना जयवंतरावांनी एक नक्कल हितेंद्रकडेही पोचवली, आणि संध्याकाळी त्याचा फोन आला. तो रागावला नव्हता. तो फक्त एवढंच म्हणाला की आईला तुमच्याबद्दल फार आदर होता, आणि फोन ठेवला. 'होता' हा शब्द जयवंतरावांनी रात्रभर जवळ ठेवला.

रविवारी ते पोचेची प्रत घेऊन लालबागला गेले. रघु खाटेवर दोन उशांना टेकून बसला होता, कारण आडवं झालं की त्याला हवा पुरत नव्हती. राधाबाई जमिनीवर सूप घेऊन जवळा निवडत होती. रघुने आधी दार उघडं टाकायला सांगितलं. मग म्हणाला, मोठ्याने वाचा. शेजारी गॅलरीत दोघं-तिघं होती, तीही सरकली.

जयवंतरावांनी वाचलं. आवाज खणखणीत लागला. मधे 'नष्ट करविली' या शब्दापाशी तो जरा खाली आला, मग परत वर गेला. वाचून झालं तरी राधाबाईचा हात सुपात चालूच होता.

ती म्हणाली, "भावजीनू, ह्यात बिडीचा नाव खंय आसा?"

खरोखरच कुठे नव्हतं. सरकारी कागदात कुठली गोष्ट असते आणि माणसाला कुठली हवी असते, यांची गाठ क्वचित पडते. रघुचा चेहरा उतरला. जयवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि व्हायोलेटला फोन लावून स्पीकरवर ठेवला. वहीत धूम्रपानाचा रकाना होता का, एवढंच विचारलं.

"होता ना," फोनमधून व्हायोलेटचा आवाज आला. "मी एकेकाला विचारायची, बिडी ओढतो का. सगळे नाय म्हणायचे, आणि वरच्या खिशात बंडल दिसायचं. हा रघु एकटा. खिसे उलटे करून दाखवायचा वेडा. मी म्हणायची, पुरे रे, पँट तरी राहू दे. दर वर्षी 'नाही' लिहिलंय मी त्याच्यापुढे. दर वर्षी."

गॅलरीत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. रघु हसत होता, म्हणजे त्याचे खांदे हलत होते. आवाजाला लागणारा दम नव्हता. जयवंतरावांनी प्रतीवर खाली एक ओळ वाढवली, की रघुनाथ आंगचेकर बिडी ओढत नव्हते, आणि तिच्यापुढे सही केली. कागद राधाबाईसमोर धरला. तिला वाचता येत नव्हतं, पण ती त्या ओळीकडे बघत राहिली. रघु तिच्याकडे बघत होता. इतक्या वर्षांचा खटला तो जिंकला होता आणि आता ती काय म्हणते याची वाट बघत होता.

राधाबाईचा हात सुपातच थांबला होता. ती कोणाकडेही न बघता म्हणाली, "मग आता तेंनी सोडूचा काय?"

 गॅलरीतली माणसं आपापल्या दारांत गेली. व्हायोलेट फोनवर हॅलो हॅलो करत होती, तो जयवंतरावांनी बंद केला.

डॉक्टरांनी मात्र शब्द पाळला. निवेदन पाहून त्यांनी आपल्या कागदावर धुळीचं नाव लिहिलं आणि पुढच्या तपासणी मंडळाकडे पाठवलं. मंडळाला जो वेळ लागायचा तो लागणार होता. रघुकडे तो नव्हता.

काही आठवड्यांनी जयवंतराव पुन्हा गेले. खाटेशेजारी ऑक्सिजनचं नळकांडं आलं होतं. घर स्वच्छ होतं, चादर नवी होती, रघुची दाढी केलेली होती. चाळीत शिरतानाच काहीतरी चुकल्यासारखं त्यांना वाटलं होतं, ते आता लक्षात आलं. या दारातून बाहेर ऐकू येणारा आवाज नव्हता.

राधाबाई मोरीत भांडी घासत होती. रघुने त्यांना जवळ बोलावलं. नाकातली नळी जरा बाजूला केली.

"वरडणा नाय ती आता," तो म्हणाला. "एक शब्द बोलणा नाय. काल पेज दिल्यान आणि इचारल्यान, मीठ बरोबर आसा मां. लगीन झाल्यापासून कधी इचारूक नाय."

जयवंतराव म्हणाले, बरं झालं की. तुला हेच हवं होतं.

रघुने मान हलवली, पण हो म्हणून नव्हे. थोडी हवा घेतली. म्हणाला, ती वरडायची तवा वाटायचा की काय तरी बाकी आसा. मग त्याने जयवंतरावांचं मनगट धरलं.

"तिका सांगा, कागद चुकीचो हा. वहीत दुसऱ्याच रघुचा नाव होता, असा कायतरी सांगा."

जयवंतरावांनी त्याला समजावलं की कागदावर शिक्का आहे, तो सरकारदफ्तरी गेलाय, आता तो कोणालाच मागे घेता येत नाही. रघु म्हणाला, सरकारला नको, तिला सांगा. मनगट त्याने सोडलं नाही. पकडीत जोर काहीच नव्हता, त्यामुळे सोडवून घेणं कठीण होतं.

शेवटी जयवंतराव उठले. मोरीपाशी गेले. तोंडी असो की लेखी, चुकीची नोंद करण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. त्यांनी खाकरून सांगायला सुरुवात केली की वहिनी, त्या कागदात थोडी गफलत झालेली दिसते, व्हायोलेटबाईंचंही आता वय झालं, आणि आंगचेकर नावाची कारखान्यात दोन माणसं होती.

राधाबाईने टोप विसळला. पालथा घातला. खोली केवढीशी, खाटेवरचं सगळं मोरीत ऐकू येत होतं.

"भावजीनू," ती पाठमोरीच म्हणाली, "तुमका खोटा बोलूक जमणा नाय. बसा थंय. चाय ठेवतंय."